गाठीचे शेजारी

उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि ते उघडायला तेरा-चौदा दिवस जातात. स्टॅन्ली कोहेन यांच्या प्रयोगातली पिल्लं मात्र सातव्या दिवसाच्या आसपासच डोळे उघडून बघू लागली. त्यांचे दातही वेळेआधी आले. कोहेन त्यांना मोठ्या उंदराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीचा अर्क टोचत होते. काम चाललं होतं चेतातंतूंची वाढ करणाऱ्या एका पदार्थावर. डोळे लवकर उघडणं हा त्यातला आगंतुक निकाल. दुसऱ्या कुणी तो वहीच्या समासात टिपून सोडून दिला असता. कोहेन त्याच्या मागे लागले आणि १९६२ मध्ये त्यांनी त्या अर्कातून एक छोटं प्रथिन वेगळं काढल्याचं जाहीर केलं. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींना ते वाढायला लावत होतं, म्हणून पुढे त्याला एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ, असं नाव मिळालं. १९८६ चं नोबेल कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना विभागून मिळालं, ते अशा वाढ-घटकांच्या शोधासाठीच.

पापण्या उघडणाऱ्या या प्रथिनाचा मेंदूतल्या गाठीशी काय संबंध? तो उलगडायला आणखी वीसेक वर्षं जावी लागली, आणि मधली वाट कोंबड्यांच्या कर्करोगावरून गेली.

आधी रिसेप्टर म्हणजे काय ते पाहू. पेशीभोवती एक पातळ आवरण असतं आणि ईजीएफसारखी प्रथिनं त्यातून सहज आत शिरू शकत नाहीत. त्यांना त्याची गरजही नसते. आवरणात रोवलेली काही प्रथिनं अशी असतात की त्यांचा एक भाग पेशीबाहेर असतो आणि दुसरा पेशीच्या आत. बाहेरच्या भागाला ठरावीक रेणू येऊन चिकटला की आतला भाग जागा होतो. हेच रिसेप्टर, मराठीत ग्राही. ईजीएफ ज्याला चिकटतं त्या रिसेप्टरचं नाव ईजीएफआर. ईजीएफ चिकटल्यावर दोन ईजीएफआर एकमेकांजवळ सरकून जोडी करतात. मग दोघांचे आतले भाग एकमेकांवर फॉस्फेटचे गट चढवतात. त्या फॉस्फेटवर आतली दुसरी प्रथिनं येऊन बसतात, ती तिसऱ्यांना कामाला लावतात, आणि अशी साखळी केंद्रकापर्यंत पोहोचली की पेशीला निरोप मिळतो: वाढ, दोन हो, मरू नकोस. निरोप पोहोचवून झाला की रिसेप्टर आत ओढला जातो आणि मोडीत निघतो. हे मोडीत निघणंही चिकटण्याइतकंच महत्त्वाचं आहे. थांबवण्याची सोय नसलेला निरोप शरीराला परवडत नाही.

कोंबड्यांमध्ये रक्ताचा एक कर्करोग विषाणूमुळे होतो. त्या विषाणूत कर्करोग घडवणारं एक जनुक असतं. १९८४ मध्ये लंडनमध्ये ज्युलियन डाउनवर्ड आणि मायकेल वॉटरफील्ड यांच्या गटाच्या लक्षात आलं की या जनुकाचं प्रथिन ईजीएफआरशी मिळतंजुळतं आहे. त्याच वर्षी अ‍ॅक्सेल उल्रिच आणि सहकाऱ्यांनी मानवी ईजीएफआरची पूर्ण रचना प्रसिद्ध केली, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर चित्र स्वच्छ झालं. विषाणूनं कधीकाळी कोंबडीच्या पेशीतलं हे जनुक उचललं होतं, पण बाहेरचा बहुतेक भाग वगळून. राहिला तो आतला भाग, ज्याला जागं व्हायला कुणी बाहेरून चिकटण्याची वाटच पाहावी लागत नाही. दाराबाहेर कुणीही नसताना बटण अडकून बसलेली घंटा वाजत राहावी, तसा हा रिसेप्टर.

पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, योसेफ श्लेसिंजर यांच्या गटानं माणसाच्या मेंदूतल्या गाठी तपासल्या. काही गाठींमध्ये ईजीएफआरच्या जनुकाच्या दोन नव्हे, तर कित्येक प्रती होत्या. या गाठी ग्लायोब्लास्टोमा जातीच्या होत्या.

मेंदूत चेतापेशींइतक्याच महत्त्वाच्या, त्यांना आधार देणाऱ्या आणि त्यांची निगा राखणाऱ्या पेशी असतात. त्या ग्लिया. त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या पेशींची गाठ म्हणजे ग्लायोमा, आणि प्रौढांमधला सर्वांत आक्रमक ग्लायोमा म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. अमेरिकेत दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण तिघांना तो होतो. आकडा छोटा वाटतो, पण आजार निष्ठुर आहे. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांना टेमोझोलोमाइड या गोळीची जोड दिली की आयुष्य वाढतं हे २००५ मध्ये रोजर स्टुप यांच्या नेतृत्वाखालच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. वाढतं म्हणजे किती? निम्मे रुग्ण जिथवर पोहोचले तो काळ १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेला. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण मात्र शंभरात दहावरून सव्वीसवर आलं, आणि म्हणून वीस वर्षांनंतरही हाच उपचार पाया म्हणून वापरला जातो.

ईजीएफआरचं जनुक सातव्या गुणसूत्रावर असतं. ग्लायोब्लास्टोमाच्या चाळीस ते पन्नास टक्के गाठींमध्ये त्याच्या प्रती वाढलेल्या सापडतात. त्यांतल्या जवळपास निम्म्यांमध्ये आणखी एक बिघाड असतो: बाहेरच्या भागातली २६७ अमिनो आम्लं गाळलेला ईजीएफआर. त्याला ईजीएफआर-व्ही-थ्री म्हणतात. त्याला ईजीएफ चिकटूच शकत नाही, आणि तरीही तो मंद आवाजात पण अखंड बोलत राहतो. तो लवकर मोडीतही निघत नाही. कोंबडीच्या विषाणूनं केलेली काटछाट माणसाच्या मेंदूतल्या गाठीनं स्वतःच करून घेतली होती. निसर्गात अशा पुनरावृत्ती पाहिल्या की वाटतं, बिघडण्याच्या वाटासुद्धा मोजक्याच असाव्यात.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोग जनुकसंच प्रकल्पानं दोनशेहून अधिक ग्लायोब्लास्टोमांचा तपास केला. ८८ टक्के गाठींमध्ये ईजीएफआर आणि त्याच्या भाऊबंदांपासून निघणाऱ्या निरोपाच्या साखळीत कुठे ना कुठे बिघाड होता. एवढा स्पष्ट शत्रू समोर असताना औषधही स्पष्टच असणार असं कुणालाही वाटेल. ईजीएफआरचा आतला भाग बंद पाडणाऱ्या एर्लोटिनिब आणि जेफिटिनिब या गोळ्या तयारच होत्या. फुफ्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगात त्यांनी रुग्णांना अक्षरशः उठून बसवलं. मेंदूत त्या वाया गेल्या.

याला कारणं अनेक आहेत. मेंदूच्या रक्तवाहिन्या औषधांना सहजासहजी आत सोडत नाहीत, हे एक. फुफ्फुसात बिघाड रिसेप्टरच्या आतल्या भागात असतो आणि गोळी नेमकी तिथे बसते, तर ग्लायोब्लास्टोमात तो बहुधा बाहेरच्या भागात असतो, हे दुसरं. तिसरं कारण मला सर्वांत चक्रावणारं वाटतं. या गाठींमध्ये ईजीएफआरच्या वाढीव प्रती बऱ्याचदा गुणसूत्रावर नसतातच. डीएनएच्या सुट्या वर्तुळांवर त्या केंद्रकात तरंगत असतात. पेशी दोन होताना गुणसूत्रांची वाटणी काटेकोर होते, या वर्तुळांची कशीही होते. एकीला चाळीस, दुसरीला चार. पॉल मिशेल यांच्या गटानं २०१४ मध्ये दाखवलं की एर्लोटिनिब दिलं की व्ही-थ्रीची वर्तुळं दिसेनाशी होतात आणि औषध थांबवलं की पुन्हा उगवतात. गाठ आपलं हत्यार लपवते, वेळ येताच काढते.

व्ही-थ्रीविरुद्ध लसही करून झाली. रिंडोपेपिमट तिचं नाव. निरोगी पेशींवर व्ही-थ्री नसतोच, म्हणजे लसीनं फक्त गाठच ओळखावी असा बिनतोड हिशेब. सातशेहून अधिक रुग्णांवरची अंतिम चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली. लस घेतलेल्यांचं आणि न घेतलेल्यांचं आयुर्मान सारखंच निघालं. गाठ परतली तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये व्ही-थ्री नाहीसा झाला होता. लस घेतलेल्यांमध्येच तसं घडलं असतं तर तो लसीचा प्रभाव म्हणता आला असता. पण लस न घेतलेल्यांमध्येही तेच घडलं होतं.

एका रिसेप्टरमध्ये गाठीचा प्राण आहे ही कल्पना इथे डळमळीत होते. व्ही-थ्री असलेल्या पेशी गाठीत बहुसंख्येनं असतात असंही नाही. मग मूठभर पेशी सगळ्या गाठीची वाढ कशी पेटवतात? सॅन डिएगोतल्या फ्रँक फर्नारी आणि वेबस्टर कॅव्हेनी यांच्या गटानं २०१० मध्ये याचं उत्तर दिलं. व्ही-थ्री असलेल्या पेशी इंटरल्यूकिन-६ आणि आणखी एक रेणू बाहेर सोडतात. शेजारच्या, व्ही-थ्री नसलेल्या पेशींच्या रिसेप्टरांना ते चिकटतात आणि त्यांचा स्वतःचा साधा ईजीएफआर जागा करतात. इंटरल्यूकिन-६ कोण? ताप आला, जखम झाली, संसर्ग झाला की रक्तात वाढणारा दाहाचा निरोप्या. करोनाच्या साथीत रुग्णांच्या नातेवाइकांनी हे नाव तपासणीच्या कागदांवर वाचलं असेल, तोच हा. वाढीची साखळी आणि दाहाची साखळी या गाठीत एकमेकींत गुंतलेल्या आहेत, आणि ग्लायोब्लास्टोमा समजून घ्यायचा तर दोन्ही एकत्रच वाचाव्या लागतात.

कर्करोग आणि दाह यांच्या नात्याचा संशय जुना आहे. बर्लिनचे रुडॉल्फ व्हिर्को यांनी १८६३ मध्ये गाठींमध्ये पांढऱ्या पेशी पाहिल्या आणि सततच्या चुरचुरीतून कर्करोग उपजत असावा असं म्हटलं. ‘ग्लिया’ आणि ‘ग्लायोमा’ हे शब्दही त्यांचेच. पण मेंदूतल्या दाहाचा मुख्य कर्ता सापडायला विसावं शतक उजाडावं लागलं, आणि तो ज्यानं शोधला त्या माणसाची कहाणी जरा थांबून सांगण्यासारखी आहे.

पीओ देल रीओ-ओर्तेगा हा स्पेनमधल्या पोर्तियो गावचा. माद्रिदमध्ये थोर मेंदूशास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या परिघात तो काम करत होता. मेंदूतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसायच्या तर त्यांना रंग द्यावा लागतो. त्या काळच्या रंगांनी चेतापेशी दिसत, तारकापेशी दिसत, बाकीचं एक धूसर ‘तिसरं द्रव्य’ म्हणून सोडून दिलं जाई. ओर्तेगानं चांदीच्या कार्बोनेटची एक नवी रंगपद्धत बसवली आणि त्या धूसरातून दोन वेगळ्या जातीच्या पेशी बाहेर काढल्या. त्यांतल्या एकीला त्यानं १९१९ मध्ये नाव दिलं मायक्रोग्लिया. छोट्या, काटेरी फांद्यांच्या. मेंदूला इजा झाली की फांद्या आखडून, गोल होऊन, मेलेल्या पेशी गिळायला धावणाऱ्या. काहालना आपल्या ‘तिसऱ्या द्रव्या’वरची ही दुरुस्ती रुचली नाही, दोघांत वितुष्ट आलं आणि १९२० मध्ये ओर्तेगाला ती प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे स्पेनच्या यादवीत देशही सुटला. पॅरिस, ऑक्सफर्ड असं करत तो ब्वेनोस आयरेसला पोहोचला आणि तिथेच १९४५ मध्ये वारला. काहाल यांचं नाव आज शाळकरी पुस्तकांत आहे, ओर्तेगाचं फारसं कुणाला ठाऊक नाही. मायक्रोग्लियावर दरवर्षी एवढे शोधनिबंध येत असताना हे जरा खटकतं.

१९२४ मध्ये एक तरुण शल्यविशारद ओर्तेगाकडे ती रंगपद्धत शिकायला माद्रिदला गेला. वाइल्डर पेनफील्ड. पुढे मॉन्ट्रियलमध्ये जाग्या रुग्णांच्या मेंदूला हलका विद्युतस्पर्श करून त्यानं मेंदूचे नकाशे काढले, तोच. पेनफील्डनं माद्रिदची पद्धत ग्लायोमांवर वापरली आणि १९२५ मध्ये लिहिलं की या गाठींमध्ये मायक्रोग्लिया गर्दी करून असतात आणि मेलेला मालमसाला गिळत असतात. त्यांचं काम सफाईचं, असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि साठ-सत्तर वर्षं तो अर्थ फारसा कुणी तपासून पाहिला नाही.

आज आपल्याला ठाऊक आहे की ग्लायोब्लास्टोमाच्या वस्तुमानाचा सुमारे तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, गाठीच्या पेशींचा नसतोच. तो असतो मायक्रोग्लियाचा आणि रक्तातून आलेल्या त्यांच्या चुलत भावंडांचा, म्हणजे मॅक्रोफेज पेशींचा. शल्यविशारद काढतो ती गाठ अशी मिश्र असते. मायक्रोग्लिया मेंदूत गर्भावस्थेतच, गर्भाला जोडलेल्या पीतककोशातून येऊन कायमच्या वसलेल्या असतात. मॅक्रोफेज अस्थिमज्जेत तयार होऊन नंतर येतात. एकदा गाठीत शिरल्या की दोघी मिळून काम करतात.

काम कुणाचं? बर्लिनच्या हेल्मुट केटनमान यांच्या गटानं २००९ मध्ये एक देवाणघेवाण उघड केली. ग्लायोमाच्या पेशींना मेंदूतून पुढे सरकायचं तर पेशींमधलं जाळं कापावं लागतं. ते कापणारं विकर गाठ स्वतः सोडते, पण निष्क्रिय अवस्थेत. ते धारदार करणारं दुसरं विकर मायक्रोग्लियाकडे असतं, आणि निरोगी मायक्रोग्लिया ते बाहेर काढत नाहीत. गाठ मग असे रेणू सोडते की मायक्रोग्लियाचे टोल रिसेप्टर जागे होतात. टोल रिसेप्टर हे मुळात जंतूंची चाहूल घेण्यासाठी असतात. जंतू आलाय असं समजून मायक्रोग्लिया ते विकर बाहेर काढतात, गाठीचं हत्यार धारदार होतं आणि गाठ पुढे सरकते. गाठीच्या पेशी सीएसएफ-१ नावाचा रेणूही सोडतात, जो मायक्रोग्लियाच्या रिसेप्टरला चिकटून त्यांना जवळ बोलावतो. बदल्यात मायक्रोग्लिया देतात ईजीएफ. कोहेन यांच्या पिल्लांचे डोळे उघडणारं तेच प्रथिन इथे गाठीच्या पेशींना चालतं करतं.

या सगळ्या निरोपांची गाठ जिथे पडते ते ठिकाण म्हणजे पेशीतलं एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन. मूळचे भारतीय असलेले रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ मध्ये शोधलं. एरवी एक पहारेकरी प्रथिन त्याला धरून केंद्रकाबाहेर बसवून ठेवतं. दाहाच्या रिसेप्टरांकडून निरोप आला की पहारेकरी नष्ट केला जातो, एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरतं आणि दाहाची शेकडो जनुकं चालू करतं. ईजीएफआरची साखळीही शेवटी इथे येऊन मिळते. २०११ मध्ये मार्कस ब्रेडेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ग्लायोब्लास्टोमाच्या जवळपास चौथ्या हिश्श्यात या पहारेकऱ्याच्या जनुकाची एक प्रत गळालेली असते. गंमत अशी की अशा गाठींमध्ये ईजीएफआरच्या वाढीव प्रती सहसा नसतात, आणि ज्यांत त्या असतात त्यांत पहारेकरी शाबूत असतो. दोन्ही प्रकारच्या रुग्णांचं आयुर्मान मात्र सारखंच खालावतं. घंटा अडकवा नाहीतर पहारेकरी काढून टाका, गाठीला एकच पुरतं.

हळदीचा प्रश्न इथे येणारच. काचेच्या बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन ओतलं की एनएफ-कॅपा-बी दबतं, हे खरं आहे आणि त्याच आधारावर बाजारात कॅप्सूल विकल्या जातात. पण पोटातून रक्तात कर्क्युमिन अत्यल्प जातं, त्यातलं यकृत झपाट्यानं निकामी करतं, आणि ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचं आयुष्य त्यानं वाढल्याचं कोणत्याही मोठ्या चाचणीत दिसलेलं नाही. भाजीत हळद घाला, दूध-हळद प्या; पण ‘दाहशामक’ म्हणून विकलेल्या डब्यापायी परळला टाटा रुग्णालयातली पुढची तारीख चुकवू नका. आणि चालू गोळ्यांसोबत काहीही घ्यायचं असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा.

दाह गाठीला मदत करतो, तर तो दाबून टाकणारं खणखणीत औषध का देत नाहीत? देतात. साठ वर्षांहून अधिक काळ देत आले आहेत. मेंदूत गाठ असलेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या चिठ्ठीवर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असतं. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या झिरपतात, पाणी साठतं, कवटी काही ताणली जात नाही. डोकं फुटायला येतं, उलट्या होतात, हात-पाय लुळे पडू लागतात. १९६१ मध्ये मिनेसोटातल्या डॉक्टरांनी डेक्सामेथासोन दिल्यावर ही सूज उतरल्याचं नोंदवलं. एक-दोन दिवसांत रुग्ण बोलू-चालू लागतो, घरच्यांना वाटतं आजार गेला. या औषधानं किती जणांना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत सुखरूप पोहोचवलं असेल याची गणती नाही. पण २०१६ मध्ये रुग्णांच्या तीन वेगवेगळ्या गटांच्या नोंदी तपासल्या तेव्हा किरणोपचारांच्या काळात स्टिरॉइड घेतलेल्यांचं आयुर्मान कमी दिसलं. जास्त आजारी माणसालाच स्टिरॉइड लागतं, म्हणून तसं दिसत असेल, ही शंका रास्त होती. संशोधकांनी तो फरक हिशेबात धरला तरी संबंध टिकला, आणि उंदरांमध्येही तेच आढळलं. त्यामुळे आताचा रिवाज असा: लागेल तेवढंच, लागेल तेवढेच दिवस. अर्थात रुग्णानं ते मनानं थांबवायचं नसतं. अचानक बंद केलेलं स्टिरॉइड स्वतःच जिवावर बेतू शकतं.

दाह सरसकट दाबण्यात धोका आहे, कारण दाहाच्या त्याच फौजेत गाठीला मारू शकणाऱ्या टी-पेशीही असतात. ग्लायोब्लास्टोमात त्या मुळातच दुर्मीळ. रक्तातही त्या कमी सापडतात, आणि बरीच वर्षं याचा दोष स्टिरॉइड-किरणांना दिला गेला. ड्यूक विद्यापीठातल्या पीटर फेची यांच्या गटानं २०१८ मध्ये उपचार सुरूही न झालेले रुग्ण तपासले. टी-पेशी नष्ट झालेल्या नव्हत्या. त्या अस्थिमज्जेत अडकून पडल्या होत्या. मज्जेतून बाहेर पडण्यासाठी टी-पेशीच्या आवरणावर एस-वन-पी-वन नावाचा रिसेप्टर लागतो, आणि गाठ मेंदूत असताना तोच त्यांच्या आवरणावरून नाहीसा होत होता. गाठ कवटीत आणि कैद पेशी मांडीच्या हाडात. टी-पेशींचा लगाम सोडणारी निव्होलुमॅबसारखी औषधं त्वचेच्या कर्करोगात चमत्कार करतात आणि ग्लायोब्लास्टोमाच्या मोठ्या चाचणीत आयुष्य वाढवत नाहीत, याचं निदान एक कारण इथे आहे. लगाम सोडायला घोडे मैदानात तर हवेत.

मग मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज यांनाच हटवलं तर? योहाना जॉइस यांनी न्यूयॉर्कमध्ये उंदरांवर ते करून पाहिलं. सीएसएफ-१ चा रिसेप्टर बंद करणारं औषध दिलं, कारण या पेशी त्याच्याशिवाय जगत नाहीत असं मानलं जात होतं. २०१३ मध्ये आलेला निकाल वेगळाच होता. गाठी आक्रसल्या, पण गाठीतल्या मॅक्रोफेज मेल्या नाहीत. गाठ सोडत असलेल्या इतर रेणूंवर त्या तगून राहिल्या. फक्त त्यांची वागणूक पालटली. गाठीची चाकरी सोडून त्यांनी तिच्या पेशी गिळायला सुरुवात केली. या बातमीनं या क्षेत्रात केवढा उत्साह आला असेल याची कल्पना करता येते. त्याच जातीचं एक औषध माणसांना दिलं गेलं. गाठ परतलेल्या सदतीस रुग्णांच्या छोट्या चाचणीत फायदा दिसला नाही. उंदरांमध्येही, दीर्घकाळ औषध चालू ठेवल्यावर, निम्म्याहून अधिक गाठी परत आल्या. का ते जॉइस यांच्याच गटानं २०१६ मध्ये शोधलं: आता मॅक्रोफेज आयजीएफ-१ नावाचा दुसराच वाढ-घटक सोडत होत्या, आणि गाठीच्या पेशी तो आपल्या वेगळ्या रिसेप्टरवर झेलत होत्या. एक वाट बंद केली तर दुसरी. पण ही दुसरी वाटही एकाच वेळी अडवली तेव्हा उंदीर जास्त जगले, हेही त्याच प्रयोगात दिसलं. अशी दोन-तीन वाटा एकदम अडवणारी मांडणी माणसांत करून पाहणं हे आता अनेक गटांचं काम आहे. आपल्याकडे पुण्याचं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आणि मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र इथे ग्लायोमाच्या पेशींवर वर्षानुवर्षं काम होत आलं आहे. मानेसरला तर दाह हाच त्यातला एक मुख्य धागा.

शेजाऱ्यांच्या यादीत अलीकडे चेतापेशींचीही भर पडली. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या मिशेल मोन्जे आणि हायडेलबर्गचे फ्रँक विंकलर यांच्या गटांनी एकाच वेळी दाखवलं की चेतापेशी ग्लायोमाच्या पेशींशी चक्क जोडण्या करतात, आणि ग्लायोमा त्यांचे ग्लुटामेटचे निरोप आपल्या रिसेप्टरांवर घेऊन वाढतो. तो विषय एवढा मोठा आहे की त्याला वेगळं प्रकरण लागेल.

दाहाबद्दलची एक जुनी, कोड्यात टाकणारी नोंद राहिली. ज्यांना परागकणांची, धुळीची अ‍ॅलर्जी असते, दमा असतो, त्यांना ग्लायोमा कमी होतो असं रोगप्रसाराच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून दिसत होतं. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या सुमारे साडेचार हजार रुग्णांची जवळपास तितक्याच निरोगी लोकांशी तुलना झाली तेव्हा श्वसनाची अ‍ॅलर्जी असलेल्यांमध्ये धोका तीसेक टक्क्यांनी कमी निघाला. दाह गाठीला वाढवतो असं म्हणता म्हणता हे काय? दमा म्हणजे दाहच की.

सेंट लुईसमधल्या डेव्हिड गटमान यांचा गट मुलांमधल्या एका ग्लायोमावर काम करतो. एनएफ-१ या आनुवंशिक आजाराच्या मुलांमध्ये डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेवर तो उगवतो. या गाठीची वाढ एका त्रिकुटावर चालते: टी-पेशी मायक्रोग्लियाला निरोप धाडतात, मायक्रोग्लियात एनएफ-कॅपा-बी जागं होतं, त्या सीसीएल-५ नावाचा रेणू सोडतात, आणि गाठ त्यावर पोसते. संशोधकांनी हा आजार असलेल्या उंदरांना चार ते सहा आठवड्यांच्या वयात धुळीतल्या किड्यांच्या किंवा अंड्यातल्या प्रथिनाच्या साहाय्यानं दमा लावला. त्यांच्यात गाठ झालीच नाही. दम्यामुळे त्यांच्या टी-पेशी डेकोरिन नावाचं एक प्रथिन जास्त बनवू लागल्या होत्या, आणि ते मायक्रोग्लियातलं एनएफ-कॅपा-बी दाबून सीसीएल-५ अडवत होतं. फुफ्फुसातल्या दाहानं मेंदूतला दाह शमवला होता. मग दमा न लावता नुसतं डेकोरिन देऊन पाहिलं, एनएफ-कॅपा-बी दाबणारं औषध देऊन पाहिलं. दोन्हींनी बारा आठवड्यांच्या वयापर्यंत गाठ होऊ दिली नाही. हा निकाल २०२१ चा आहे, उंदरांतला आहे, आणि गाठ उगवण्याआधी दिलेल्या औषधाचा आहे. प्रौढ माणसाच्या मेंदूत गाठ सापडते तेव्हा ती आधीच वाढलेली असते आणि तिच्यातल्या मॅक्रोफेज तिच्या कामाला लागलेल्या असतात. अशा वेळी डेकोरिनच्या वाटेनं त्यांना किती मागे आणता येईल, हे वेगळे प्रयोगच सांगतील.